सर्व्हर डाऊन आहे

बँकेतल्या माणसाला खोटं बोलून चालत नाही. शंभर रुपये घेतले आणि नव्वद लिहिले, तर संध्याकाळी हिशेब जुळवताना ते दहा रुपये येऊन त्याची कॉलर धरतात. बावीस वर्षांच्या नोकरीत मी आकड्यांशी कधी खोटं बोललो नाही. माणसांशी मात्र बोलावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे एक सर्वमान्य वाक्य आहे : ‘सर्व्हर डाऊन आहे.’

पूर्वी हेच काम ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य करायचं. पण साहेब केव्हातरी जागेवर येतात आणि लोक त्यांना ओळखतात. सर्व्हर कुणी पाहिलेला नाही. तो कुठे राहतो, डाऊन झाल्यावर त्याला उठवतं कोण, हे मलाही ठाऊक नाही. परमेश्वरासारखा तो सर्वत्र आहे आणि दिसत नाही. त्याच्यावर कशाचंही खापर फोडा, तो तक्रार करत नाही.

हे वाक्य मी एकाच गिऱ्हाइकाला तीन वेळा ऐकवलं. तिन्ही वेळा सर्व्हर ठणठणीत होता. डाऊन होतो तो मी.

झालं असं, की एका मंगळवारी माझ्या काउंटरवर एक पासबुक सरकलं. नाव पुरुषाचं. फोटोत तेल लावून भांग पाडलेला, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. मान वर केली तर समोर हिरवी सुती साडी, कपाळाला टिकली आणि गळ्यात शिंप्याची टेप. आवाज मात्र आमच्या हेडकॅशियरपेक्षा खर्जातला.

“साहेब, खात्यावरचं नाव बदलायचंय. ब्लाउज शिवते मी. पेठेत गाळा घेतलाय भाड्यानं. नव्या नावानं खातं झालं की मशिनच्या कर्जाचा अर्ज करते.”

कागद सगळे बरोबर होते. जिल्ह्याच्या कचेरीतून मिळालेलं ओळखपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, नवं आधार. आमच्या फॉर्मात रकानाही होता. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं सांगायचं. मग २३ एप्रिल २०१५ ला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना कळवलं, की फॉर्मात स्त्री-पुरुष विचारता तिथे तिसराही रकाना ठेवा. ते परिपत्रक पंचिंग मशिननं दोन भोकं पाडून मीच फाइलला लावलं होतं. पण परिपत्रक वाचणं आणि फाइलला लावणं ही दोन निराळी कामं आहेत आणि आमच्याकडे दुसऱ्या कामासाठी माणूस नेमलेला असतो.

माझी अडचण वेगळीच होती. फॉर्म पुढच्या टेबलाला द्यायचा, तर ‘हा आलाय’ म्हणू, की ‘ही आलीय’? ‘हा’ म्हटलं तर समोरच्या माणसाला लागणार. ‘ही’ म्हटलं तर मागचा हेडकॅशियर हसणार आणि चार वाजता चहाच्या टेबलावर माझी नक्कल होणार. शिवाय माझ्या मनात सतराशे साठ प्रश्न उभे राहिले होते, आणि त्यांतला एकही फॉर्मात नव्हता. अशा वेळी शूर माणूस काय करतो ते मला माहीत नाही. मी म्हणालो,

“सर्व्हर डाऊन आहे. शुक्रवारी या.”

शुक्रवारी तेच सांगितलं. पुढच्या मंगळवारीही तेच. त्या दिवशी शेजारच्या खिडकीवर फटाफट पासबुकं छापली जात होती. समोरच्या व्यक्तीनं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, तुम्हाला काही विचारायचं असलं तर विचारा. सांगण्यासारखं असंल तर सांगेन, नसंल तर नाही म्हणेन. सर्व्हरच्या मागं कशाला लपताय?”

एवढं बोलून पासबुक उचललं आणि निघून गेली. हो, ‘गेली’. त्या दिवशी माझ्या मनानं क्रियापद आपोआप ठरवलं, पण तोवर ऐकायला ती तिथे नव्हती.

*

रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, साताऱ्यात एका हायस्कुलात तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेत. निवृत्त म्हणजे पगारापुरते. लग्नपत्रिका आली की आधी तांबड्या पेनानं तपासतात, मग आहेराचं बघतात. त्यांची मुलगी, माझी भाची, पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवार घरी येते. ती आली की घरात शुद्धलेखन तपासणारी माणसं दोन होतात. दाजी ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, ती विचार तपासते.

आमटी वाढता वाढता मी पेठेतल्या शिंपिणीची गोष्ट सांगितली. सर्व्हरचा भाग गाळून. खोटं बोलणाऱ्याला आपली गोष्ट संपादित करायची सवय असते.

“मराठीला लिंगं तीन,” दाजी म्हणाले. “पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. चौथं लिंग मी शिकवलेलं नाही.”

“बाबा, माणसाबद्दल बोलतोय आपण. व्याकरणाबद्दल नाही.”

“माणसं व्याकरणातच बोलतात!”

“मग सांगा, दार नपुंसक आणि दरवाजा पुरुष कसा? वस्तू तर एकच.”

दाजींचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो प्रश्न ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून सोडून दिला. भाचीनं बालगंधर्वांना पुढे केलं : नऊवारी कशी नेसावी हे बायका ज्यांच्याकडे बघून शिकल्या, ते कोण होते? इथे मात्र दाजी बरोबर होते. “ते नाटक होतं. पडदा पडला की नारायणराव राजहंस. सोंग आणि स्वभाव यांत फरक आहे असं तूच म्हणतेस ना? मग सोंगाचा दाखला देऊ नकोस.” भाची गप्प झाली. दाजींनी विजयाची कोशिंबीर वाढून घेतली.

मग ते म्हणाले, “हे बघ, २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ मध्ये ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. ठीक आहे. पण त्यांत सहा वर्षांपर्यंतची पोरं जवळजवळ पंचावन्न हजार! त्या पोरांनी काय सांगितलं असणार? ते ठरवलं कुणी?”

प्रश्न खरा होता. आता भाची म्हणायला हवी होती की, होय बाबा, मलाही याचं कोडं आहे. त्या एका रकान्यात जन्मतःच शरीराची ठेवण निराळी असलेली मुलंही आली असतील. ती गोष्ट वेगळी आणि माणसाला आतून जे वाटतं ती गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच पोत्यात भरल्यावर घोळ होणारच. हे सगळं तिला ठाऊक होतं. पुढे तिनंच मला समजावून सांगितलं. पण त्या क्षणी ती म्हणाली,

“बाबा, असे प्रश्न विचारणारे लोक मनातून द्वेष करत असतात.”

दाजी म्हणाले, “आणि अशी उत्तरं देणारे पुण्यात राहतात.”

झालं. पंगतीत दोन पक्ष पडले. मी काय केलं? दाजींकडे बघून ‘खरंय’ म्हणालो, भाचीकडे बघून ‘तेही खरंय’ म्हणालो आणि ताईकडे बघून ‘भात वाढ’ म्हणालो. त्यांतलं शेवटचं वाक्य तेवढं प्रामाणिक होतं.

मला त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. मोठ्यानं भांडणारी ती दोघं आणि गोड बोलणारा मी, या तिघांचाही सर्व्हर डाऊन होता. दाजी व्याकरणामागे लपले होते, भाची तत्त्वामागे आणि मी भातामागे. ज्या माणसाबद्दल बोलत होतो ते माणूस पेठेत मशिनवर बसून शनिवारची राहिलेली शिलाई उरकत असणार.

*

जेवणानंतर सुपारी कातरताना मला अचानक माझं शिक्षण आठवलं. ते क्वचित आठवतं. बी. कॉम.ला बँक जुळवणी पत्रक नावाचा एक धडा असतो. व्यापाऱ्याच्या रोकडवहीत शिल्लक एक दिसते, बँकेच्या पासबुकात दुसरी. अडाणी माणूस म्हणतो, दोघांतला एक चोर आहे. शिकलेला म्हणतो, थांबा. तुम्ही चेक दिलात, तो अजून बँकेत पोचला नाही. बँकेनं कमिशन कापलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असे फरक एकाखाली एक लिहीत गेलं की बहुतेक वेळा दोन्ही वह्या खऱ्या निघतात. कधी एका वहीत खरीच चूक असते. पण ती ज्याची त्याला सापडावी लागते. दुसऱ्यानं बोट ठेवलं की माणूस वही मिटतो.

हे मी दोघांना सांगितलं. दाजी म्हणाले, “मग तुझ्या वहीतलं आधी सांग.”

पकडला गेलो. मग सर्व्हरचं सगळं सांगितलं. तीन खेपा, शेजारची खिडकी, ‘कशाला लपताय’, सगळं. सांगताना कान तापले. भाचीनं मला बोल लावला नाही, हे आश्चर्य. कदाचित मी स्वतःच लावून घेतल्यामुळे तिला काम उरलं नसेल.

इतका वेळ ताई आत भांडी आवरत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दाजींना म्हणाली, “अहो, एक विचारू? सासूबाई कोल्हापूरच्या. जन्मभर ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणायच्या. सगळ्या गल्लीतल्या बायका तशाच बोलायच्या. तुम्ही व्याकरणाचे एवढे कडक, पण आईंना कधी नाही हो टोकलंत.”

“आईला काय टोकायचं? ती काय शाळेत बसली होती?”

“तेच म्हणते मी. आई होती म्हणून चाललं.”

दाजी हसले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. काच स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

“नववी ‘ब’ मध्ये एक पोर होतं,” ते म्हणाले. “हुशार. अक्षर सुंदर. पण निबंधात लिहायचं, ‘मी सकाळी उठले’, ‘मी शाळेत गेले’. मला वाटलं, घरी बहिणी पुष्कळ असतील, त्यांचं ऐकून लागलेली सवय. वर्गापुढं उभं करून मी त्याच्याकडून ‘मी गेलो’ शंभर वेळा लिहवून घेतलं. वर्ग हसला. मीही हसलो असेन. त्यानं शंभर ओळी बिनचूक लिहून दिल्या. एकशेएकावी ओळ होती, ‘सर, मला क्षमा करा, मी पुन्हा चुकणार नाही.’ हे वाक्य असं रचलं होतं की त्यात कुठंच कळू नये, लिहिणारा की लिहिणारी. मी त्याला दहापैकी दहा दिले असते. पण पुढच्या वर्षी ते शाळेत आलंच नाही.”

कुणी बोललं नाही. (ते पोर म्हणजे माझी शिंपीण नव्हे, हे सांगून ठेवतो. तिची शाळा दुसऱ्या जिल्ह्यातली. गोष्टीत माणसं परत भेटतात. आयुष्यात बहुधा भेटत नाहीत आणि क्षमा तशीच राहते.) माझ्या मात्र एक लक्षात आलं. दाजी त्या मुलाला सारखे ‘ते पोर’, ‘ते आलंच नाही’ म्हणत होते. ज्या नपुंसकलिंगाचा धडा त्यांनी मला सकाळी दिला होता, तेच आता मायेनं वापरत होते.

भाची म्हणाली, “बाबा, माझंही एक आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मी टाळी वाजवून नक्कल करायचे. साडी अशी खोचून. सगळे हसायचे. वन्समोअर मिळायचा. आता कुणी शंका काढली की मी तुटून पडते. मला वाटतं, मी त्या मुलीवरच तुटून पडत असते.”

“मग माझ्यावर का ओरडतेस?”

“ती मुलगी आता सापडत नाही. तुम्ही सापडता.”

दाजी पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, “यल्लम्माचे जोगते यायचे ना दारावर, लुगडं नेसून. आई त्यांना वाकून नमस्कार करायची, परडीत जोगवा घालायची. पण ओट्यावर बस, पाणी पी, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. देव म्हणून पाया पडायचं आणि माणूस म्हणून बसू द्यायचं नाही, हा आमचा हिशेब.”

नंतर आम्ही खरोखरच पत्रक मांडलं. वाण्याच्या बिलाच्या पाठीवर. जुळलेल्या रकमा आधी लिहिल्या : कुणाची चेष्टा करू नये, कुणाचं काम अडवू नये, ज्यानं जे नाव सांगितलं त्या नावानं हाक मारावी. शेवटचं कलम दाजींनी जरा कुरकुरत मान्य केलं. मी त्यांना सहीचा दाखला दिला. सही म्हणजे काय? ‘मी तोच’ असं माणसानं स्वतःविषयी सांगणं. तेवढ्यावर बँक लाखो रुपये देते. म्हातारपणी हात कापतो, सही बदलते. आम्ही नवा नमुना घेतो. ‘तुम्ही तुम्ही नाही’ असं म्हणून हाकलत नाही.

मग न जुळलेल्या रकमा. अल्पवयीन मुलांना औषधं किंवा शस्त्रक्रिया केव्हा द्याव्यात, द्याव्यात का. खेळांच्या स्पर्धेत कुणी कुठल्या गटात उतरावं. शाळेत काय आणि कितव्या इयत्तेत शिकवावं. दाजींचं मत एक, भाचीचं दुसरं. तासभर झाला तरी कुणी तसूभर हललं नाही. पण ओरडलंही नाही. त्यांच्यापुढे आम्ही ‘अजून वटायचे चेक’ असं लिहिलं आणि ताईनं चहा टाकला.

निघताना दाजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, “मेव्हणे, एक गंमत बघ. ‘तू आलास’, ‘तू आलीस’, एकेरीत लगेच ठरवावं लागतं. ‘तो गेला’, ‘ती गेली’, पाठीमागं बोलायचं तरी ठरवावं लागतं. पण ‘तुम्ही आलात, या, बसा, पाणी घ्या’ यांत काही ठरवावं लागत नाही. समोरासमोर आणि मानानं बोललं की मराठीचं अडत नाही. तेहतीस वर्षं शिकवलं, पण हे कधी ध्यानात आलं नाही.”

*

सोमवारी मी पासबुकावरच्या नंबरावर फोन केला. “सर्व्हर सुरू झालाय. या.”

ती आली. मी म्हणालो, “या, बसा.” हेडकॅशियरनं मान वर केली. मी ‘बसा’ पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. मग सांगून टाकलं, “त्या दिवशी सर्व्हर डाऊन नव्हता.”

“माहितीये,” ती म्हणाली. “तीन चकरांत सहा ब्लाउज राहिले माझे.”

क्षमा मागितल्यावर लोक ‘असू द्या’ म्हणतात. तिनं नुकसानीचा आकडा सांगितला. मला बरं वाटलं. आकड्यांची भाषा मला कळते.

फॉर्म भरता भरता मी भीत भीत दोन प्रश्न विचारले. पहिला, घरचे बोलतात का? तिनं सांगितलं की आई बोलते, वडील नाहीत. पण दिवाळीत वडिलांच्या सदऱ्याचं माप आईकडून येतं, न मागता. दुसरा प्रश्न मी इथे लिहीत नाही. तो शरीराविषयी होता. ती शांतपणे म्हणाली, “ते नाही सांगणार. तुम्ही खातं उघडताना दुसऱ्या कुणाला विचारता का, ऑपरेशन झालंय का म्हणून?”

खरं सांगायचं तर विचारतो; पण हर्नियाचं, आणि माणूस ओळखीचा असेल तर. मी ‘चुकलो’ म्हणालो. तिनं सही केली. प्रामाणिकपणा म्हणजे मनात आलेलं सगळं समोरच्यावर ओतणं, असा माझा समज होता. तो त्या खुर्चीत दुरुस्त झाला. विचारणाऱ्याला विचारायची मोकळीक आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक, या दोन्ही नोंदी पडल्याशिवाय ते खातं जुळत नाही.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. तिचं कर्ज मंजूर झालं, दोन मशिनं आली. दाजी आणि भाची यांचे चेक अजून वटलेले नाहीत. दर रविवारी त्यांतला एखादा निघतो, वाद होतो आणि वाण्याच्या बिलाच्या पाठीवर परत जातो. दाजींची मतं फारशी बदलली नाहीत, असं ते स्वतः छातीठोकपणे सांगतात.

ताईनं पुतणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला तो पेठेतच. आणायला दाजींना पाठवलं. ते तासाभरानं हात हलवत परत आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि तावातावानं मला म्हणाले,

“काय तुझं गिऱ्हाईक! चार दिवसांत देते म्हणाली, आज आठवा दिवस. ‘बसा सर, चहा घ्या’ म्हणून बसवून ठेवलंन् आणि शेवटी सांगते काय, तर काजं-बटणं राहिलीत! शिलाईसुद्धा वाढवलीय बयेनं!”

मी ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. ‘म्हणाली’, ‘सांगते’, ‘बयेनं’. एकाच दमात तीन वेळा. पण आम्ही दोघं काही बोललो नाही. वही तपासणाऱ्याच्या हे लक्षात आणून दिलं असतं, तर त्यानं वही मिटली असती.